शून्य भांडवलाची दुलई

घरगुती उद्योगाला भांडवल लागते, हा एक जुना गैरसमज आहे. लागते ते घर, आणि त्या घरात नाही म्हणायची सवय सुटलेले एक माणूस. ही दोन्ही साधने ज्या कुटुंबाकडे आहेत, त्याने बँकेची पायरी चढण्याचे काही कारण नाही. आमच्याकडे दोन्ही होती. घर तीन खोल्यांचे होते आणि माणूस मी होते.

उद्योगाचा जन्म एका सोमवारी झाला. त्याच्या आधीच्या शुक्रवारी माझ्या मुलाला त्याच्या कंपनीने मोकळे केले होते. (कंपनीच्या पत्रात 'मोकळे' हाच शब्द होता. त्याआधी एकोणीस वर्षे बांधून ठेवल्याचा उल्लेख त्यात नव्हता.) शनिवार-रविवार तो भिंतीकडे बघत बसला. सोमवारी उठून त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, जेवणाच्या टेबलाच्या टोकाला बसला आणि म्हणाला, "आता आपण कुणाची नोकरी करायची नाही." या 'आपण'मध्ये कोण कोण येते, हे त्या वेळी कुणी विचारले नाही. सून तर ऐकायलाही थांबली नाही, कारण तिला नोकरीवर जायला उशीर होत होता.

पहिली सभा त्याच संध्याकाळी भरली. मुलगा अध्यक्ष. सून दातांच्या दवाखान्यात रुग्णांना नंबर देण्याचे काम करते, त्यामुळे नंबराप्रमाणे बोलावे असा आग्रह धरून ती सदस्य झाली. नात कॉलेजात आहे. ती फोनसह उपस्थित होती. सल्लागार म्हणून माझ्या लेकीचा नवरा, म्हणजे आमचे जावई, खास रस्ता ओलांडून आले होते. मी सभेला गेले नव्हते. मी टेबलाशी मटार सोलत होते आणि सभा माझ्याभोवती भरली. इतिवृत्तात माझी नोंद 'उपस्थित, मत नाही' अशी झाली.

जावयांचा अधिकार मोठा होता. त्यांनी फोनवर दोन दिवसांचे उद्योजकता शिबिर केले होते. पहिल्या दिवशी नेटवर्क गेले होते, त्यामुळे उद्योग सुरू कसा करावा हे त्यांना तितकेसे ठाऊक नव्हते. पण तो वाढवावा कसा, हे पक्के ठाऊक होते.

सभेत एकच ठराव झाला आणि तो एकमताने झाला. उद्योग शून्य भांडवलावर चालवायचा. बाहेरून काही विकत आणायचे नाही. घरात जे आहे ते फुकट आहे असे धरायचे. जावयांनी लगेच फुकट गोष्टींची यादी केली. टेबल, पंखा, वीज (ती तर भिंतीतूनच येते), जुने कपडे, माझे शिवणयंत्र, सुनेच्या संध्याकाळी, नातीचा फोन, आणि सर्वांत खाली 'आई, दुपारी'.

"सकाळी का नाही?" मी विचारले.

"सकाळी तुम्ही भाजी निवडता ना, आई. ते चालू राहू दे. उद्योगामुळे तुमच्या दिनक्रमात ढवळाढवळ नको."

जावई मनाने फार मोठे आहेत.

यात मला नवीन काही वाटले नाही, हे मान्य केले पाहिजे. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ह्यांचा कारखाना बंद पडला, तेव्हा याच घरात, पूर्वेच्या खिडकीच्या खोलीत, मी हेच यंत्र मांडले होते. शाळेचे गणवेश शिवायची. कापड तुमचे, दोरा माझा. मापे घेताना पोरांना गुदगुल्या व्हायच्या, ती आक्रसायची, म्हणून मी प्रत्येक मापात दोन बोटे वाढवून धरायची. त्यामुळे गल्लीतली सगळी पोरे वर्षभर ढगळ दिसायची. पण तोच सदरा दुसऱ्या वर्षी बेतशीर बसायचा आणि आया खूश असायच्या. कपाटाचे दार उघडले की त्याच्या आड पोरगे उभे राहून सदरा घालून बघायचे. काजे मी हातानेच करायची. असे अकरा वर्षे चालले. त्यात दोन लेकरांची शिक्षणे झाली आणि छताची गळती थांबली. ह्यांनी त्याला कधी उद्योग म्हटले नाही. पाहुणे बसलेले असताना आतून यंत्राचा आवाज आला, तर ते सांगायचे, "काही नाही, तिचं ते चालू असतं."

ती खोली अजून माझी आहे. नव्वद चौरस फूट. एक खाट, एक कपाट, यंत्र आणि ती खिडकी. सकाळी साडेसातला ऊन बरोबर सुईच्या टोकावर येते. हे सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा मामला त्या नव्वद चौरस फुटांचा आहे.

मी सभेत एवढेच म्हटले, की असे काहीसे मीही केले होते.

"आई, ते शिवणकाम होतं," मुलगा समजुतीने म्हणाला. "हा उद्योग आहे."

फरक मला पुढे कळला. शिवणकामाच्या अकरा वर्षांत एकही सभा झाली नव्हती. ब्रीदवाक्य एकच होते, 'गुरुवारी मिळेल' (मिळायचे शनिवारी). उद्योगाच्या पहिल्या दोन महिन्यांत एकतीस सभा झाल्या, नऊ बोधचिन्हे काढून झाली, चौदा ब्रीदवाक्यांवर मतदान झाले, आणि मुलाच्या नावापुढे 'संस्थापक' लिहिलेली कार्डे शून्य भांडवलात, म्हणजे सुनेच्या दवाखान्याच्या छपाईयंत्रावर, छापून आली. विकायचे काय, तेवढे ठरायचे राहिले होते.

तसे प्रयोग झाले. मेणबत्त्या झाल्या, त्या पेटत नव्हत्या, पण वितळत होत्या. मग साबण झाला. त्याने डाग निघायचे, आणि डाग ज्यावर असेल तेही निघायचे. टेबलाच्या एका कोपऱ्याचा रंग अजून त्याची साक्ष देतो. शेवटी जे उत्पादन सापडले ते नातीच्या हातात होते. तिचा फोन दोनदा पडून फुटला होता, म्हणून मी त्याला उरल्यासुरल्या तुकड्यांची, आत कापूस घातलेली एक पिशवी शिवून दिली होती.

"हे काय आहे?" मुलाने विचारले.

"आजीने केलंय. फोन पडला तरी वाचतो."

जावयांनी ती पिशवी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि डोळे मिटले. शिबिरात दुसऱ्या दिवशी डोळे मिटायला शिकवले होते. "वाचतो नाही म्हणायचं," ते म्हणाले. "झोपतो म्हणायचं. भीती माणूस एकदाच विकत घेतो. माया परत परत घेतो."

अशा रीतीने फोनची दुलई अस्तित्वात आली. हाताच्या पंजाएवढी. खाली गादी, डोक्याशी बोटभर उशी, वरून पांघरूण, आणि पांघरुणाला एक बटण. रात्री फोन निजवायचा, पांघरूण घालायचे, बटण लावायचे.

"फोनला थंडी वाजते का रे?" मी विचारले.

"आई, जिथे गरज आहे तिथे दुकानं आधीच आहेत," मुलगा म्हणाला. "जिथे गरज नाही, तिथेच जागा मोकळी आहे."

एकोणीस वर्षे त्या कंपनीने या पोराला नुसते हिशेब तपासायला का बसवले, कोण जाणे.

उत्पादन सुरू झाले. पहिल्या आठवड्यातच घरातले जुने कपडे संपले. शून्य भांडवलाच्या धोरणाला धक्का लागू नये म्हणून, कपडा जुना समजण्याचे वय खाली आणण्यात आले. ते आधी पाच वर्षे होते, मग दोन, आणि तिसऱ्या महिन्यात ज्याची घडी एकदा मोडली तो कपडा जुना, असे ठरले. मुलाची मुलाखतीची पँट गेली (नोकरी करायची नाही हे ठरलेच होते). पडदे गेले, आणि तेव्हापासून समोरच्या इमारतीशी आमचे संबंध अधिक मोकळे झाले. कापूस उशांमधून यायचा. दर आठवड्याला घरातल्या उशा थोड्या बारीक होत गेल्या, आणि मानेला हेच चांगले असते असा एक लेख मुलाने मोठ्याने वाचून दाखवला. बटणांसाठी शर्टांवर हात फिरवला गेला. एका सकाळी सून दवाखान्यात जाऊन परत आली, कारण तिच्या कोटाला वरून खालपर्यंत एकही बटण नव्हते.

"अहो, निदान विचारायचं तरी," ती मुलाला म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"मग उत्पादन थांबलं असतं."

 तिच्याकडे याचे उत्तर होते, पण ते द्यायला वेळ नव्हता. तिने कोटाला माझ्या डब्यातल्या टाचण्या लावल्या आणि गेली. घरात दरमहा येणारे एकमेव पैसे तिच्या पगाराचे होते. शून्य भांडवलाच्या हिशेबात ते धरलेले नव्हते.

शिवत मी होते. दुपारी, म्हणजे भाजी निवडून झाल्यापासून खिडकीतला उजेड जाईपर्यंत. दिवसाला चौदा दुलया व्हायच्या. उद्योगाचे नाव 'आजीची ऊब' ठेवले गेले, आणि प्रत्येक दुलईवर 'आजीच्या हातची, आजीच्या मायेची' अशी चिठ्ठी लागली. आता आजीचा फोटो हवा होता.

त्यासाठी नातीने माझे एकशे सहा फोटो काढले. एकही पसंत पडला नाही. माझे केस आखूड आहेत, चष्मा लाल चौकटीचा आहे, आणि दात सुनेच्या दवाखान्याच्या कृपेने सगळे जागेवर आहेत.

"आजी, जरा आजीसारखी बस ना," नात म्हणाली.

"म्हणजे कशी?"

"म्हणजे, थोडी थकलेली. पण आनंदात."

"आणि आई, हातात वर्तमानपत्र नको," मुलगा म्हणाला. "शब्दकोडं सोडवणारी आजी ऊब देत नाही."

मी प्रयत्न केला. खांद्यावर शाल घेतली, मान तिरकी केली, लांब कुठेतरी बघितले. नात म्हणाली की मी बसची वाट बघत असल्यासारखी दिसते. शेवटी त्यांनी इंटरनेटवरून एक आजी घेतली. फार देखणी बाई. चेहऱ्यावर सुरकुत्या अशा पडलेल्या, की कुणी पट्टी धरून आखल्या असाव्यात. पांढरा अंबाडा, मांडीवर मांजर. मलाही तिच्याकडे बघून वाटले, की हिच्याकडून काहीतरी विकत घ्यावे. दुलया दुप्पट खपू लागल्या.

खप वाढला तेव्हा माझी चौदाची गती कमी पडू लागली. गल्लीच्या टोकाला एक शिंपीण राहते. हातमोजे घालून काम करते आणि कुणाशी बोलत नाही. ती दिवसाला पन्नास करू लागली. 'आजीच्या हातची' या चिठ्ठीचे काय करायचे, यावर सभा झाली. जावयांनी शिंपिणीला जाऊन विचारले, तेव्हा तिला पाच महिन्यांपूर्वी नातू झाल्याचे निष्पन्न झाले. चिठ्ठी कायम राहिली. आमचा उद्योग खोटे बोलत नाही.

आता आजीच्या चेहऱ्याला मी लागत नव्हते आणि आजीच्या हातांनाही लागत नव्हते. तरी मी घरात होतेच. ही विसंगती कधीतरी कुणाच्या लक्षात येणार होती, ती जागेच्या तपासणीच्या वेळी आली.

जागेची तपासणी हे जावयांच्या शिबिरातले शेवटचे प्रकरण. घरातली प्रत्येक वस्तू किती चौरस फूट अडवते आणि त्या बदल्यात महिन्याला काय देते, याचा तक्ता करायचा. तक्ता झाला. फ्रीज वाचला. टीव्हीची खुर्ची गेली. खोक्यांचा ढीग हॉलभर पसरला होता, संडासाला जाताना आडवे चालावे लागत होते, आणि तक्त्याच्या शेवटच्या ओळीत लिहिले होते: 'पूर्वेची खोली. नव्वद. उत्पन्न नाही.'

खोलीत कोण राहते, हे लिहिलेले नव्हते. जावयांचा स्वभावच नाजूक आहे.

"आई, फक्त तीन महिने," मुलगा म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता. चिकटपट्टीचे टोक हरवते ना, ते तो नखाने शोधत होता. "ताईकडे राहा. हवापालट होईल. पुढच्या एक तारखेला गाडी सांगितली आहे."

ताईचे घर रस्त्याच्या पलीकडे आहे. हवा तीच आहे. फक्त ती तिथे चौथ्या मजल्यावर असते आणि लिफ्ट नाही. स्वतःच्या घरी सासूला नेण्याचा प्रस्ताव जावयांनी आपण होऊन मांडला, यातच त्यांची उद्योगावरची निष्ठा दिसते. मी लेकीला फोन केला.

"ये ना गं आई, विचारतेस काय," ती म्हणाली. "हॉलमध्ये तुझी गादी घालू. फक्त ती व्यायामाची सायकल हलवता येणार नाही."

"व्यायाम कोण करतं?"

"कुणी नाही. पण हप्ते चालू आहेत."

मी मुलाला म्हटले, की उठायचेच असेल तर लेखी सूचना हवी. एक महिन्याची मुदत, आणि कारण. त्याने ती रीतसर दिली. वर बोधचिन्ह होते, नवे, दहावे. कारणाच्या जागी 'विस्तार' असे होते. मी ती घडी करून कपाटात ठेवली आणि कपाट आवरायला घेतले. खरे सांगायचे तर आवरले नाही. दार उघडून उभी राहिले. त्या दाराआड किती पोरांनी सदरे घालून पाहिले असतील, याचा अंदाज करत होते. सातशेच्या आसपास निघतात.

त्या महिन्यात एक किरकोळ अडचण उभी राहिली. प्रत्येक खोक्यात एक कार्ड जायचे: 'आजीला दोन शब्द लिहा.' खाली उद्योगाचा फोन नंबर. हे जावयांनी शोभेसाठी घातले होते. कुणी लिहील, ही कल्पना शिबिरात मांडलेली नव्हती. पण लोक लिहू लागले. आठवड्याला साठ, मग शंभर. नातीची परीक्षा होती, सून दवाखान्यात, संस्थापक विस्तारात. उत्तरे द्यायचे काम यादीनुसार, म्हणजे 'आई, दुपारी' या कलमाखाली, माझ्याकडे आले.

फुकटच्या माणसाला काम देताना त्याच्या हातात काय दिले आहे, हे सहसा कुणी बघत नाही.

लिहिणारे लोक चांगले होते. एक बाई लिहायच्या, आजी, माझा फोन काल पहिल्यांदा शांत झोपला. एका मुलाने लिहिले की दुलईला तुमच्या हाताचा वास येतो. (तो डांबराच्या गोळ्यांचा होता. आमच्या पडद्यांच्या कपाटातल्या.) बहुतेकांना दुलईबद्दल काही म्हणायचे नव्हते. पाय दुखतो, साहेब बोलतो, झोप लागत नाही, मुलगी उत्तर देत नाही, असे असायचे. मी जमेल तसे लिहायची. पायाला गरम पाण्याचा शेक घ्या. साहेबाला दोन बोटे वाढवून माप धरा, दुसऱ्या वर्षी बसेल. एका गृहस्थांचे सात दिवसांत नऊ निरोप आले. विमा कंपनीत होते, वय चोपन्न. सगळे लिहून त्यांचे समाधान होईना. मी कंटाळून लिहिले, या एकदा रविवारी, चहा घेऊ, आणि घराचा पत्ता दिला.

ते आले. बरोबर अकरा वाजता, बिस्किटांचा पुडा घेऊन. आल्या आल्या त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग फोनमधल्या फोटोकडे.

"त्या आजी...?"

"ती आत पडली आहे," मी म्हटले. "मी तिची मोठी बहीण."

हे त्यांना चालले. हॉलमध्ये खोकी असल्यामुळे बसायला जागा फक्त माझ्या खोलीत होती. ते खाटेवर बसले. मी खिडकीशी काज करत होते. ते बोलत राहिले. मी अधूनमधून 'अगं बाई' म्हणत होते आणि एकदा त्यांच्याकडून सुईत दोरा ओवून घेतला. मला दिसते, पण त्यांच्या हातांना काहीतरी हवे होते. बारा वाजून गेल्यावर ते उठले तेव्हा डोळे पुसत होते. "घरी असं बोलायला कुणीच नसतं हो," ते म्हणाले. जाताना त्यांनी अकरा दुलया घेतल्या. त्यांच्याकडे फोन दोनच आहेत.

संस्थापक दारात उभे राहून बघत होते. अकरा दुलया, एका खोलीतून, एका तासात. त्याच संध्याकाळी तातडीची सभा भरली आणि मी पहिल्यांदाच मटार न सोलता तिला गेले. जावयांनी तक्ता पुन्हा काढला. नव्वद चौरस फुटांपुढचे 'उत्पन्न नाही' खोडले. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि त्या खोलीला 'आजी-भेट कक्ष' असे नाव दिले.

"आई, तुम्ही तिथेच बसायचं," ते म्हणाले. "काही करायचं नाही. फक्त असायचं."

"आणि एक तारखेची गाडी?"

मुलाने चिकटपट्टी खाली ठेवली. "ती सायकल आणायला सांगू," तो म्हणाला. "ताईकडची. आपल्याकडे भेटायला येणाऱ्यांना..."

"नको," सून म्हणाली. एकतीस सभा आणि त्यानंतरच्या सगळ्या सभा मिळून तिचे हे पहिले मत. ते मंजूर झाले.

मी अटी लेखी घेतल्या. खोली माझी. खाट हलणार नाही. लाल चष्मा राहील. भेट फक्त रविवारी, अकरा ते एक. कपाटातली महिन्याच्या मुदतीची सूचना मी संस्थापकांना परत केली. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने दुसऱ्या दिवशीच्या खोक्यांचे पत्ते लिहिले. शून्य भांडवल.

आता लोक येतात. गेल्या पाच रविवारी एकेचाळीस जण आले. सगळे म्हणतात, की इथे आल्यावर आजोळी आल्यासारखे वाटते. पाचदहा मिनिटांत ते चपला काढून खाटेवर मांडी घालतात. धंद्याचे म्हणाल तर शिंपिणीला आता हाताखाली दोघी लागतात, आणि सुनेच्या कोटाला नवी बटणे बसली. ती मात्र बाहेरून विकत आणली.

एक गोष्ट सांगायची राहिली. तो विमा कंपनीवाला पहिल्या रविवारी बोलत होता, तेव्हा मी खिडकीतून सहज खाली पाहिले. त्याची गाडी समोर उभी होती. मागच्या सीटवर एक म्हातारी बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"ती कोण?" मी विचारले.

"आई," तो म्हणाला. "तिला डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून बरोबर घेतली. बसते ती. तिला सवय आहे." आणि पुन्हा झोप का लागत नाही, तिथून पुढे सुरू झाला.

तेव्हापासून मी मोजते. एकेचाळीस भेटींत गाड्यांमध्ये सतरा आया, चार सासवा आणि एक आजोबा झाले. त्यातल्या एकीने वर पाहून मला हात केला. मीही केला. पुढच्या रविवारी ती पुन्हा दिसली. आमचे बरे चालले आहे. जावयांच्या कानावर मी यातले काही घातलेले नाही. ते खाली गाडीतळावर दुसरा कक्ष उघडतील.

तर तुम्हीही अवश्य या. तुम्हाला यावेसे वाटते आहे, हे मला इथे बसून कळते. एवढे वाचले म्हणजे तुम्ही म्हाताऱ्या बाईचे ऐकून घेणाऱ्यांतले आहात. रविवारी अकराला दार उघडे असते. मन मोकळे करा, घाई नाही, मी एकपर्यंत इथेच आहे. गाडी झाडाखाली लावा, तिथे बाराच्या पुढेही सावली असते. आणि काच चार बोटे खाली ठेवून या. सगळे दोनच ठेवतात.